गोठ्यातले कांदे

संशय हा माझा स्वभाव आहे आणि तो मी कधी लपवला नाही. माझे वडील, अण्णा, म्हणायचे, "आमची कुंदा देवाच्या प्रसादाचासुद्धा आधी वास घेऊन बघते." खोटं नाही ते. भाजीवालीनं वर तुकतुकीत वांगी लावलेली दिसली की माझा हात आपोआप खालच्या वांग्यांकडे जातो. सत्तरी ओलांडली तरी तेच. परवा नातवानं मोबाइलवर रंगीत चित्रफीत दाखवली. पेशीतली डीएनएची ती पिळाची शिडी गरगर फिरते, अलगद उलगडते, एकीच्या दोन होतात, मागे सनई वाजावी तसं संगीत. मी म्हटलं, "हे फार गुळगुळीत आहे रे बाबा. खरं काम असं वाजतगाजत होत नाही." तो हसला. हसू दे. ती शिडी मी ज्या वर्षी शिकले, त्याच वर्षी तिच्या अभ्यासापायी एका बाईवर घर सोडायची वेळ आली होती, हे त्याला कुठून माहीत असणार?

आम्ही तेव्हा रहाटणीत राहायचो. आता तिथं लिफ्टनं वर गेलं की बाल्कनीत तुळस दिसते. तेव्हा दाराबाहेर पाऊल टाकलं की कांद्याचे वाफे, पलीकडे बाजरी आणि त्याच्याही पलीकडे कंपन्यांची धुराडी. अण्णा एका कंपनीत स्टोअरमध्ये होते. पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला की आमच्याकडे चहाचं आधण चढायचं आणि शेजारच्या गोठ्यात मालकिणीच्या म्हशी उठून उभ्या राहायच्या. भोंगा माणसांसाठी असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मालकीण म्हणजे गंगूमावशी. गावातलं जुनं घराणं, नवरा कधीच गेलेला, दोन मुलगे, दोन सुना आणि सगळ्यांची मिळून एक चूल. "मी हाय तंवर या घरात येकच चूल पेटंल," हे त्या पाणी भरताना, धार काढताना, कुणी न विचारता म्हणायच्या. घराच्या अंगाला त्यांनी कंपनीवाल्यांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या, त्या आमच्याकडे भाड्यानं होत्या. पिंपरी-चिंचवडात तेव्हा खोली मिळणं म्हणजे नशीब, म्हणून आई मावशींना फार जपून असायची. "भाडेकरूनं कान उघडे ठेवावेत आणि तोंड बंद," हा तिचा मंत्र. मला त्यातलं पहिलं अर्धं उत्तम जमायचं.

मावशींचा थोरला दामूदादा कंपनीत मशीनवर होता, धाकटा बबनदादा शेती आणि दूध बघायचा. दामूदादाची बायको हौसावहिनी. काय सांगू तिचं! सदा हसरी, तोंडात साखर. अंगणात आली की चार घरांना कळायचं. तिचा बाळ्या तेव्हा रांगता होता. बबनदादाची बायको सुमनवहिनी, मोशीची. माझ्याहून थोडी मोठी. लग्नाला तीन वर्षं झाली तरी तिच्या मांडीवर मूल नव्हतं, आणि मुळातच बोलणं कमी. मूल नाही म्हणून लोक तिच्याकडे बघायचे आणि ती बोलत नाही म्हणून पुन्हा बघायचे. "गप बसती म्हंजी आत काय तरी शिजतंय," गंगूमावशी माझ्या आईला सांगायच्या, सुमनवहिनीला नीट ऐकू जाईल अशा आवाजात. खरं सांगायचं तर शिजत होती ती फक्त त्यांचीच आमटी, आणि तीही सुमनवहिनीच्याच हातची. तिच्या भाकरीला असा पापुद्रा सुटायचा की आत ठेचा भरून खावा. आमच्याकडून वाटीभर गोडं वरण गेलं की त्याच वाटीतून हुलग्याचं माडगं यायचं. रिकामी वाटी परत देणं दोन्ही घरांत पाप होतं. माडगं चाखण्याआधी मी वास घ्यायचे, हे काय सांगायला हवं?

मधूनमधून जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यायची. "भांडीऽऽय" अशी आरोळी आली की हौसावहिनी जुने सदरे-लुगडी काखेत मारून पहिली हजर. घासाघीस करून एखादं भांडं घ्यायची आणि ते आपल्या घरात न नेता आमच्याकडे आणायची. "काकू, तुमच्या माळ्यावर ऱ्हाऊ द्या जरा. माज्या धाकट्या बहिनीच्या लग्नात द्यायला व्हतील. आमच्यात जागा हाय का, सांगा बरं?" आई मालकिणीच्या सुनेला नाही कसं म्हणणार? एकदा बोहारणीनं मोठी, जाड परात पुढे केली तर हिनं ती परत सारली. "यवढी नगं. आमच्यात हाय तेवढ्याच मापाची दे." मला त्याचं नवल वाटलं होतं. आहेर देणारी बाई मोठी परात सोडून लहान मागते? पण हौसावहिनीनं माझ्या गालाला हात लावून "कवा उजवायची ही, काकू?" असं काही विचारलं असेल, आणि मी लाजून आत पळाले असेन. गोड बोलण्यापुढे माझंही नाक चोंदायचं.

मी पुण्याला कॉलेजात बी.एस्सी. करत होते, विषय वनस्पतिशास्त्र. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम ठेंगण्या, साडीवर कायम खडूची भुकटी, आणि माझ्याइतक्याच संशयी. म्हणून आमचं जमलं. एका तासाला त्यांनी आम्हाला पुस्तक उघडायला लावलं आणि पेशीच्या दोन विभाजनांच्या मधल्या काळाला जे 'विश्रांतीची अवस्था' असं नाव छापलं होतं त्यावर पेननं काट मारायला लावली. "कुणी ठरवलं हो, ती विश्रांती घेते म्हणून? सूक्ष्मदर्शकातून काही हलताना दिसत नाही म्हणून? खरं मोठं काम तर तेव्हाच चाललेलं असतं. एकीच्या दोन व्हायचं असेल तर आधी घरातल्या सगळ्या शहाणपणाची दुसरी प्रत तयार हवी. ती अशी गुपचूप होते. आपल्याला फूट दिसते, तेव्हा प्रत काढून कधीच झालेली असते."

मग त्यांनी फळ्यावर शिडी काढली. पिळलेली शिडी, तिची प्रत्येक पायरी म्हणजे दोन अक्षरांची जोडी. अक्षरं चारच आणि प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला. पेशी फुटायच्या आधी ही शिडी मधोमध उसवत जाते. आम्ही माना डोलावल्या, म्हणजे कुणालाच कळलं नव्हतं. तशी मॅडमनी पायातल्या चपला काढून सरळ टेबलावर ठेवल्या. वर्गात खसखस पिकली. "हसू नका. समजा, ही डावी मी एका कारागिराला दिली, तर तो तिच्या मापानं उजवी करून देईल. ही उजवी दुसऱ्याला दिली, तर तो डावी करून देईल. झाले दोन जोड. हुबेहूब सारखे, आणि प्रत्येक जोडात एक जुनी, एक नवी. शिडीचंही तसंच. कुठलाही जोड सबंध नवा नाही आणि सबंध जुनाही नाही." पुढे त्या म्हणाल्या की एका बाजूची नक्कल सरळ होत जाते, दुसरीची मात्र उलट्या अंगानं, तुकड्यातुकड्यानं, आणि मग ते तुकडे सांधून घेतात. मी हात वर केला. "मॅडम, हे ओढूनताणून वाटतं." त्या म्हणाल्या, "मलाही वाटलं होतं. पण नक्कल करणाऱ्याला एकाच दिशेनं चालता येतं, उलटं चालता येत नाही. मग काय करेल बिचारा?" आणि हा नक्कल करणारा एक अक्षर बसवतो, मागं वळून बघतो, चुकलं असेल तर उपटतो आणि दुसरं बसवतो, तेव्हाच पुढे सरकतो. अगं बाई! आपल्या गोत्रातलं कुणीतरी भेटलं म्हणून मला जो आनंद झाला तो कुणाला सांगू?

प्रात्यक्षिक होतं कांद्याच्या मुळांचं. मुळाच्या टोकाशी पेशी सतत फुटत असतात. ते टोक लाल रंगात बुडवायचं, काचपट्टीवर अंगठ्यानं दाबून चपटं करायचं आणि बघायचं. मॅडमचं म्हणणं, मुळं भल्या सकाळी तोडली तर फुटणाऱ्या पेशी जास्त सापडतात. कॉलेज उघडायचं उशिरा. म्हणून प्रत्येकीनं घरीच कांदे लावायचे, सकाळी टोकं कापून मॅडमनी दिलेल्या छोट्या बाटलीत टाकायची. बाटलीत स्पिरिट आणि आंबट वासाचं काहीतरी. त्यात पडली की पेशी असतील तशा थिजतात. माझ्याकडच्या बरण्या रुंद तोंडाच्या. कांदा आत पडू नये म्हणून त्याच्या कमरेला चारी अंगांनी टाचण्या टोचल्या आणि काठावर तोलून ठेवला, बूड तेवढं पाण्याला टेकलेलं. आमच्या खोल्यांवर पत्रा, उकाड्यानं पाणी नासलं आणि कांदे कुजले. आईनं बरण्या दाराबाहेर काढल्या. अंगण झाडणारी सुमनवहिनी ते बघत होती. म्हणाली, "गोठ्यात ठिवता का? रांजनामागं, कडब्याच्या आडोशाला. लई गार असतंय. म्हशीबी तिकडं येत न्हाईत." तीन वर्षांत एवढं सलग बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

गोठ्यात मुळं झरझर फुटली, पांढरी, गव्हाच्या शेवयांसारखी. सकाळी धार काढायला सुमनवहिनी असायची आणि मी ब्लेड घेऊन. म्हशीच्या अंगाची ऊब, कासंडीत पडणाऱ्या धारेचा आवाज आणि आम्ही दोघी. तिला सगळं जाणून घ्यायचं असायचं. मी तिला मॅडमच्या चपला सांगितल्या. ती हात थांबवून ऐकत राहिली. "म्हंजी आदी समद्याचं दोन दोन करून ठिवती, आन मग येगळी निघती?"

"हो."

"आन भायेरनं कुनाला कळत न्हाई?"

"बाहेरून ती गप्पच दिसते."

"मंग तिच्याबी सासूला तिचा संशय येत आसंल," ती म्हणाली, आणि हसली. किती गोड हसायची ती! त्या घरात तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

त्याच दिवसांत बाळ्याला ताप आला. डॉक्टरच्या गोळ्यांनी उतरलाही. पण शनिवारी दुपारी मी कॉलेजातून परतले, तर अंगणात ही गर्दी. हौसावहिनीनं बरणी पदराच्या टोकानं धरून अंगणाच्या मधोमध आणून ठेवलेली, कांद्याला टाचण्या, खाली लोंबणारी पांढरी मुळं, शेजारी आंबूस वासाची माझी दुसरी बाटली. "बया बया बया! माज्या लेकराच्या जिवावर उठली गं ही! आपली कूस उजवंना म्हनून माजं लेकरू खायाला निघाली!" गंगूमावशी ओट्यावर ताठ बसलेल्या. सुमनवहिनी खांबाला टेकून उभी, चेहरा चुन्यासारखा. ती म्हणत होती, "कुंदाचं हाय त्ये. कालिजातलं हाय," आणि कुणी ऐकत नव्हतं.

मी पुढे झाले. "मावशी, माझेच आहेत कांदे. अभ्यासाचे आहेत."

हौसावहिनी रडता रडता थांबली. "कालिजातल्या पोरी कांदं टोचत बसत्यात व्हय? आन ती बी दुसऱ्याच्या गोठ्यात, कडब्याआड दडवून? कुंदाताई, तुमी गरीब हाय, तिनं तुमाला पढवलंय."

प्रश्न चोख होता, हे मला मान्य करावं लागलं. मी तिच्या जागी असते तर मीही हाच विचारला असता. मग मला सुचली ती अक्कल ऐका. पिशवीत मी त्याच दिवशी केलेली काचपट्टी होती. ती काढून मी उन्हात धरली. "हे बघा, त्या मुळाचंच टोक आहे. यात पेशी दिसतात." काचेवर काय दिसणार? एक लालभडक ठिपका. "रगात!" कुणीतरी मागून किंचाळलं, आणि माझ्याच हातानं आगीत तेल पडलं. गंगूमावशी उठून उभ्या राहिल्या. "बास झालं. बबन्या, उद्या सकाळी हिला मोशीला सोडून ये. मी सांगितल्याबिगर आनायची न्हाई." बबनदादा आपल्या पायांकडे बघत राहिला. मला त्याचा इतका राग आला की आजही त्याचं नाव निघालं की आधी ते पाय आठवतात.

मोशी लांब नव्हती. पण 'करणी करती' म्हणून परत पाठवलेली सून म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगून कळायचं नाही. ती पोचायच्या आधी तिची कीर्ती पोचली असती. नवऱ्याचं दार बंद, माहेरचं अर्धवट उघडं, आणि गावातल्या कुठल्याही लेकराला खोकला झाला की बोट हिच्याकडे. जन्मभर.

आईनं मला दंडाला धरून घरात नेलं आणि कडी घातली. मी रडत होते, संतापानं. रडताना माझं डोकं मात्र चालू असतं, ही देवाची कृपा. हौसावहिनी गोठ्यात गेलीच कशाला? शेणाचा वास आला की पदर नाकाला लावणारी बाई. ती कडब्यामागं कशाला बघायला गेली? आणि लेकराचा ताप उतरल्यावर एवढा आक्रोश? मी हे मोठ्यानं बोलत होते आणि बोलता बोलता माझी नजर माळ्यावर गेली. परात. तवा. कढई. खलबत्ता. मिसळणाचा डबा. पितळी तांब्या. मावशींच्या स्वयंपाकघरात मी लहानाची मोठी झालेली. तिथलं एकेक भांडं मला पाठ. तिथं जे होतं ते सगळं इथं होतं, त्याच मापाचं.

"अण्णा," मी विचारलं, "दामूदादाचं कंपनीत काही चाललंय का?"

अण्णा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "त्याला कॉलनीत क्वार्टर मिळतंय ना. किल्ली पुढच्या महिन्यात. मला वाटलं, मावशींना माहीत असेल."

मावशींना माहीत नव्हतं. दुसरा संसार आमच्या डोक्यावर, माळ्यावर, तयार होऊन बसला होता आणि आता फक्त फूट पडायची बाकी होती. तीही अशी पडायला हवी होती की पाडणारीचं नाव निघू नये. म्हणजे, करणीच्या घरात लेकरू कसं ठेवू, असं म्हणून निघालेली सून कोण अडवणार? गप्प बसलेल्यावर विश्वास ठेवू नका, असा अर्थ मी मॅडमच्या बोलण्यातून काढला होता. पण गप्प कोण होतं त्या घरात? हौसावहिनी दिवसभर बोलायची आणि कामाचं एक अक्षर बोलायची नाही. एवढं साधं मला तेव्हा उमगलं, आणि पुढच्या आयुष्यात ते मला वनस्पतिशास्त्रापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

"मी आत्ता जाऊन सांगते," मी म्हटलं.

"खबरदार," आई म्हणाली. "मालकाच्या भांडणात भाडेकरू पडला की आधी भाडेकरू बाहेर. खोली गेली तर कुठं जायचं? तुझं कॉलेज राहील का मग?" आई बोलत बोलत खिडकीशी गेली. बाहेर सुमनवहिनी सगळ्यांची उष्टी भांडी राखेनं घासत होती. दुसऱ्या दिवशी हाकलून द्यायची होती, तरी त्या दिवशीची भांडी तिच्याकडेच होती. मग आईनं पदर कमरेला खोचला, स्टूल ओढलं, वर चढली आणि परात खाली देत मला म्हणाली, "धर नीट. आवाज करू नकोस." माझी आई! तिच्या मंत्राची मी पुढे कितीही थट्टा केली असेल, पण ते स्टूल मी विसरले नाही.

सकाळी सुमनवहिनी कापडी पिशवी घेऊन ओट्याखाली उभी होती. बबनदादा अजून सदऱ्याची बटणं लावत होता. किती बटणं होती त्या सदऱ्याला कोण जाणे. मी अंगणात परात मांडली आणि म्हटलं, "मावशी, तुमची परात द्या जरा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझ्यापेक्षा संशयी माणूस जगात आहे याची खात्री पटली. पण दिली. मी ती आमच्या माळ्यावरच्या परातीशेजारी ठेवली. मग तवा. मग कढई. आई एकेक आणून देत होती, मी एकेक मागून घेत होते. खलबत्ता येईपर्यंत हौसावहिनीचं हसू गेलं होतं.

"माज्या बहिनीच्या लग्नाची हायेत ती," ती म्हणाली.

गंगूमावशींनी दोन्ही तवे उचलून एकावर एक ठेवले. काठाला काठ भिडला. "तुज्या बहिनीला माज्याच तव्याच्या मापाचा तवा कशापायी लागतोय?" मग दामूदादाकडे वळल्या. अण्णांनी घसा खाकरून क्वार्टरचं सांगितलं. "दामू, खरं हाय?"

"आई, सांगनारच हुतो..."

"आन कांदा?"

मग हौसावहिनीचाच बांध फुटला. "मला पयल्यापास्नं ठावं हुतं कांदं कुंदाताईचं हायेत त्ये! पर येगळं ऱ्हायाचं म्हनलं आसतं तर तुमी जाऊ दिलं आसतं व्हय? येकच चूल, येकच चूल! आठ वर्सं ह्येच ऐकतीया. घर मोडलं तर माज्या नावानं मोडू नये, येवढंच वाटलं मला." ती ओक्साबोक्शी रडली, आणि हे रडणं खरं होतं. मला तिची दया आली नाही. आज येते, थोडी. वेगळं व्हायचं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते मागायची सोय त्या घरात नव्हती. पण म्हणून दुसरीचा जन्म जाळायचा?

गंगूमावशी कपाळाला हात लावून ओट्यावर बसल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सुमन, पिशवी ठिव आत. भाकऱ्या टाकायच्या हायेत."

सुमनवहिनीनं पिशवी ठेवली नाही. "कांदा कुनाचा त्ये कळलं, आत्याबाई," ती म्हणाली. आवाज अगदी हळू, पण सगळ्या अंगणाला ऐकू गेला. "पर तीन वर्सं तुमी माज्या हातचं खाल्लं. आन येका कांद्यावर मला इख घालनारी ठरवलं. म्या हितं कशाच्या जिवावर ऱ्हावं?" आणि ती निघाली. फाटकातून बाहेर, वाफ्यांच्या बांधावरून, फाट्याकडे. बबनदादा "अगं, आता कशाला..." एवढंच म्हणाला. गंगूमावशी ओरडल्या, "जा! जा म्हनावं! आदी गप ऱ्हायाची, आता जीभ फुटली!" पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी त्या दोन परातींकडे बघितलं, दामूकडे बघितलं, बबनच्या पायांकडे बघितलं. मग उठल्या. पायात काही न घालता, डोईवरचा पदर सावरत, त्या बांधावरून भराभरा निघाल्या. मी मागोमाग पळाले. आईनं हाक मारली ती मी ऐकली नाही.

फाट्यावर बस उभीच होती. सुमनवहिनी चढून खिडकीशी बसली होती. गंगूमावशी धापा टाकत पायरीवर चढल्या. सुनेच्या बाकाशी गेल्या आणि दांडी धरून उभ्या राहिल्या. कंडक्टरनं विचारलं, "आजी, कुठलं देऊ?"

"मला काय इचारतोस?" त्या म्हणाल्या. "तिला इचार. ती जाईल तितलं दे. हिच्या आयसमोर जाऊन मला सांगायचंय, माजी सून कशी हाय ती."

बस हलली. मी खाली रस्त्यावर उभी होते आणि मला काचेतून दोघी दिसत होत्या. सुमनवहिनी बाहेरच बघत होती, तिचे डोळे वाहत होते. पुढच्या वळणाशी बस आडवी झाली, तेव्हा तिनं शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.